मिळकत, शर्त आणि म्हातारपण

कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर महालिंगस्वामींच्या देवळामुळे प्रसिद्ध असले, तरी तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासात ते पदच्युत राजाच्या निवासाचे गाव आहे. १७९८ मध्ये गादी गेल्यावर अमरसिंह येथे राहावयास आले, आणि त्यांच्या जागी गादीवर आलेल्या दुसऱ्या सरफोजींनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी केलेल्या तहात अमरसिंहांना दरसाल २५,००० होन देण्याचे कलम घालण्यात आले. राज्य हातचे गेलेल्या माणसाला उत्पन्नाची लेखी हमी तेवढी उरली होती.

त्याच घराण्यातील कामाक्षीबाईसाहेबांच्या वाट्याला तेवढीही हमी आली नाही. त्यांचे पती, तंजावरचे दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. मद्रासच्या न्यायालयाने राणीच्या बाजूने निकाल दिला, परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती जप्ती हे ‘राजकृत्य’, म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली, न्यायालयाच्या कक्षेबाहेरची कृती ठरवून तो निकाल फिरवला. १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता परत दिली ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. आणि मग शिवाजीराजांच्या विधवा राण्यांमध्येच त्या मालमत्तेवरून वाद लागला. १८६८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सर्व विधवांना हयातीपुरता सामाईक व समान उपभोग दिला.

मिळकत हातची गेल्यावर निर्वाहाची हमी कशाची, हा प्रश्न आजच्या सामान्य कुटुंबात वेगळ्या रूपात येतो. मुले चेन्नई-बंगळुरूस किंवा परदेशी असतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची वर्षानुवर्षे निगा राखण्याचा खर्च उभा राहतो. अशा वेळी वडीलधारी माणसे घर ‘सेटलमेंट’ने, म्हणजे विनामोबदला हस्तांतराच्या नोंदणीकृत दस्ताने, एका मुलाच्या नावे करतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ सांगते की सांभाळण्याच्या शर्तीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने शर्त मोडली, तर देणाऱ्याच्या इच्छेनुसार न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्दबातल ठरवू शकते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी शर्त सिद्ध झाली पाहिजे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावण्यावर भर दिला, आणि मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नागपट्टिणमच्या प्रकरणात ‘प्रेम व आपुलकीपोटी’ या शब्दांतच ती शर्त अध्याहृत मानली. अध्याहृत शर्तीच्या भरवशावर घर देणे मात्र शहाणपणाचे नाही. दस्तात अन्न, निवास, औषधोपचार आणि शुश्रूषा यांचा स्पष्ट उल्लेख असावा. शिवाय हयातीपर्यंतचा उपभोग स्वतःकडे राखून ठेवता येतो, आणि असे दान वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केलेले आहे. मृत्युपत्र तर त्याहून सोयीचे, कारण ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते आणि तोवर केव्हाही बदलता येते. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात.

दस्त झालेला नसला, तरी याच कायद्याखाली निर्वाहखर्च मागता येतो, आणि त्यात औषधोपचारही येतात. तमिळनाडूत हा अर्ज महसूल विभागीय अधिकाऱ्यापुढे चालतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत तो निकालात निघावा अशी तरतूद असली, तरी मूळ कायद्यातील कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपयांची आहे, आणि रात्रंदिवस परिचारिका ठेवावी लागणाऱ्या घराला एवढी रक्कम पुरत नाही.