कंसाबाहेरचा सोबती



१९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली. लोखंड हा भिलाईचा प्राण. परंतु लोखंडादी संक्रमण धातूंचा भारित संयुग-आयन एकटा नांदत नाही; विरुद्ध भाराचा सोबती जवळ असतोच. सूत्रात आम्ही त्यास कंसाबाहेर लिहितो व उदासीन समजतो. ते खरे नव्हे. इरिडियमच्या काही हायड्रोजनीकरण-उत्प्रेरकांत हेक्साफ्लुओरोफॉस्फेट सोबती असता उत्प्रेरक लवकर निकामी होतो. त्याजागी विशाल बोरेट आयन योजल्यास तो दीर्घकाळ टिकतो. धातू तोच, सोबती निराळा! पहिला धातूला बिलगून येणाऱ्या रेणूची वाट अडवतो. दुसरा अंतर राखतो.

परमुलखात मंडळाची पन्नास वर्षे आपणही कंसाबाहेरच काढली. सोबत द्यावी, वाट अडवू नये, एवढेच आम्ही यातून शिकलो.