भूमीखालची दिल्ली

नगराचा नकाशा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्ते, चौक, उद्याने आणि रेल्वेचे रूळ उभे राहतात. आज मी ज्या नकाशाविषयी बोलणार आहे, तो यांपैकी काहीच दाखवीत नाही. पायांखाली हात-दोन हात खोल माती गेली की जे दुसरे नगर सुरू होते, त्याचा तो नकाशा आहे. दिल्लीच्या भूमीत विजेच्या केबली आहेत, गॅसच्या नळ्या आहेत, पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि दूरध्वनीच्या तारा आहेत. यांपैकी प्रत्येक वस्तूचा धनी निराळा, आणि प्रत्येक धन्यापाशी फक्त आपल्या वस्तूचा नकाशा. शेजाऱ्याच्या वस्तूविषयी तो अनभिज्ञ असतो, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा निश्चिंतही असतो.

ही स्थिती कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. 1958 पासून दिल्लीची वीज महानगरपालिकेच्या छत्राखालील एका उपक्रमाकडे होती. जुने दिल्लीकर त्याला अजून ‘डेसू’च म्हणतात. 1997 मध्ये त्याचे दिल्ली विद्युत मंडळ झाले आणि जुलै 2002 मध्ये त्या मंडळाच्या वितरणाचे काम तीन कंपन्यांत वाटले गेले. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने आपले क्षेत्र आपल्याकडेच ठेवले. घराघरांत नळीवाटे गॅस देणारी इंद्रप्रस्थ गॅस ही कंपनी 1998 मध्ये स्थापन झाली. दिल्ली जल मंडळही त्याच वर्षीचे. योगायोग असा की, दिल्लीत विजेची वाटणी झाली त्याच 2002 साली ब्रिटनमध्ये उलट घडले: विजेचे पारेषण करणारी मोठी कंपनी आणि गॅसच्या मोठ्या नळ्या सांभाळणारी कंपनी एकत्र आल्या. न्यूयॉर्कमध्ये तर वीज आणि गॅस यांचा संसार 1936 पासून एकाच नावाखाली आहे.

एकत्र येणे असो वा विभक्त होणे असो, पहिला पेच कागदपत्रांचाच पडतो. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या होतात तेव्हा भांडीकुंडी आणि दागदागिने यांची यादी चोख होते. पण परसातल्या विहिरीचे पाणी कोणत्या पाटाने कोणाच्या वाफ्यात जाते, हे केवळ म्हाताऱ्या गड्याला ठाऊक असते. वीजखात्यांतही असे गडी होते. कोणती केबल कोणत्या झाडाजवळून वळते, हे जुन्या लाइनमनच्या डोक्यात असे. तो निवृत्त झाला की तेवढा नकाशा त्याच्याबरोबर घरी जाई.

आता कोणी म्हणेल, दोन्ही नकाशे संगणकावर आहेत ना, मग एकावर एक ठेवले की झाले! पण विजेचा अभियंता आणि गॅसचा अभियंता यांची विचार करण्याची रीतच भिन्न आहे. विजेच्या अभियंत्याला कोणत्या उपकेंद्रातून कोणत्या रोहित्राला आणि तेथून कोणत्या ग्राहकाला पुरवठा होतो, ही वंशावळ महत्त्वाची वाटते. त्याच्या आकृतीत केबल सरळ रेघेने दाखविली तरी त्याचे काम अडत नाही. प्रत्यक्षात ती तीन वळणे घेऊन गेली असेल. गॅसवाल्याला दाब आणि झडपा यांची चिंता. गळती झाली तर कोणती झडप बंद केली असता किती घरांच्या चुली विझतील, हे त्याला क्षणात कळावे लागते. एकाने वंशवृक्ष काढला आणि दुसऱ्याने गावाचा नकाशा. ते एकमेकांवर ठेवून जुळणार कसे?

त्यातून मोजमापाची अडचण. जुन्या नोंदींत नळीचे स्थान बहुधा भिंतीपासून किंवा रस्त्याच्या कडेपासून मोजून दिलेले असते: अमुक भिंतीपासून दीड मीटर. पुढे रस्ता रुंद होतो, भिंत पाडली जाते, आणि नळी जागच्या जागी राहूनही कागदावर निराधार होते. प्रमाणाचा प्रश्नही आहेच. दहा हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीची एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे भूमीवर दहा मीटर, अर्थात् सबंध रस्ताच. अशा नकाशावरून कोणी पहार मारण्याची जागा ठरवू लागला, तर त्याला दैवावरच हवाला ठेवावा लागेल.

याहून सूक्ष्म भेद पृथ्वीच्या आकाराविषयीचा आहे. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ज्या गोलाभावर आधारलेले होते, तो जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 मध्ये निश्चित केला होता, आणि त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथे मानला जाई. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी आजची यंत्रे निराळा, पृथ्वीच्या केंद्राशी जोडलेला गोलाभ वापरतात. म्हणून तेच अक्षांश-रेखांश जुन्या आणि नव्या नकाशावर एकाच ठिकाणी पडत नाहीत. गणिताने हा फरक काढता येतो. मात्र नकाशा कोणत्या पद्धतीचा आहे, हे त्यावर लिहिलेले असले पाहिजे. नेमका तोच मजकूर पुष्कळदा प्रती काढताना कापला गेलेला असतो.

पत्त्यांचे तर विचारूच नये. महाराष्ट्रात गुंठा म्हटला की तेहतीस फूट औरसचौरस, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. दिल्लीच्या जुन्या गावांत बिघा-बिस्व्याचा हिशेब चालतो. ही गावे शहराने गिळली, पण त्यांच्या वस्तीभोवतीची ‘लाल डोरा’ ही सीमा नोंदींत टिकून राहिली. तिच्या आत घरांना क्रमांक आहेत ते बांधल्या गेलेल्या क्रमाने किंवा मनास येईल तसे. एकच घर विजेच्या वहीत खसरा क्रमांकाने आणि गॅसच्या वहीत गल्लीच्या नावाने नोंदलेले असले, तर संगणकाला ती दोन घरे वाटतात. येथे शेवटी कोणीतरी वही बगलेत मारून उन्हातून दारोदार हिंडल्यावाचून गत्यंतर नसते.

परंतु नकाशे जुळविण्याच्या कामातील खरा धोका माझ्या मते यांपैकी कशातच नाही. तो आहे रेघांच्या सारखेपणात. कागदावर एक रेघ प्रत्यक्ष खणून, डोळ्यांनी पाहून काढलेली असते. दुसरी यंत्राने चाचपून काढलेली. तिसरी जुन्या नकाशावरून उतरवलेली. चौथी कोणाच्या तरी सांगण्यावरून ओढलेली. कागदावर निदान कागदाचा जुनेपणा आणि अक्षराचे वळण तरी सावध करीत असे. संगणकाच्या पडद्यावर चारही रेघा सारख्याच स्वच्छ आणि ठाम दिसतात. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने 2002 मध्ये यासाठी चार श्रेणी ठरवून दिल्या: खणून खात्री केलेली माहिती पहिल्या श्रेणीची, आणि केवळ जुन्या कागदावरून घेतलेली शेवटच्या. ब्रिटननेही पुढे 2014 मध्ये असेच मानक केले. दोन संस्थांचे नकाशे एकत्र करताना ही श्रेणी प्रत्येक रेघेपाशी नोंदली नाही, तर त्या एकत्रीकरणाने अज्ञान कमी होत नाही, उलट त्याला ज्ञानाचा पोशाख चढतो. शंका असेल तर ती नकाशावर शंका म्हणूनच दिसली पाहिजे. कार्यालयांना हे रुचत नाही. आपल्या तीन-चतुर्थांश नळ्या अंदाजाने दाखविल्या आहेत, असे वरिष्ठांच्या सभेत कोण मान्य करील?

दिल्लीने या बाबतीत काही केलेच नाही, असे मात्र नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने भूमीवरील आणि भूमीखालील दिल्लीचा एकच आधारनकाशा तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले, त्यासाठी 2008 मध्ये एक सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 2011 मध्ये विधानसभेने या माहितीच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदाही केला. भूमीत रेडिओलहरी सोडून खालच्या वस्तूंचा ठाव घेणारी यंत्रे त्यासाठी रस्त्यांवरून फिरली. या यंत्रांची मर्यादा अशी की, ओल्या चिकणमातीत त्यांच्या लहरी लवकर विरतात. गॅसच्या लहान नळ्या प्लास्टिकच्या असतात. धातू शोधणाऱ्या उपकरणाला त्या दिसतच नाहीत. म्हणून नळीच्या वर काही अंतरावर इशाऱ्याची पट्टी पुरतात. कुदळीला ती लागली की थांबावयाचे. पण आज खणतो तो जेसीबी, आणि त्याच्या लोखंडी दातांना पट्टी कळत नाही.

22 मार्च 2023 रोजी केंद्र सरकारने खणण्यापूर्वी विचारणा करण्याची देशव्यापी सोय मोबाइलवर सुरू केली. खणणाऱ्याने जागा कळवावी आणि ज्यांच्या वस्तू तेथे असतील त्या सर्वांस सूचना जावी, अशी ती योजना आहे. वर्षाला दूरसंचाराच्या सुमारे दहा लाख केबली तुटतात आणि त्यामुळे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज त्या वेळी सरकारनेच दिला होता. तार तुटली तर संभाषण तुटते. गॅसची गोष्ट वेगळी. बेल्जियममधील गिलेंगिएन येथे बांधकामाच्या यंत्राचा घाव एका मोठ्या गॅसवाहिनीला बसला होता. कोणाच्या ते ध्यानात आले नाही. पुढे वाहिनीतील दाब वाढविला तेव्हा ती फुटली. 30 जुलै 2004 च्या त्या स्फोटात चोवीस माणसे दगावली. गळतीची वर्दी मिळाल्यावर धावून आलेले अग्निशामक दलाचे जवानही त्यांत होते.

आता राहिला प्रश्न नकाशा ताजा ठेवण्याचा. काही जण म्हणतात, असा एकत्र नकाशा शत्रूच्या हाती पडला तर? शंका रास्त आहे, आणि कोणी किती पाहावे याचे नियम असावेत. पण ज्याच्या हाती पहार आहे त्यालाच नकाशा दिसत नसेल, तर तो कोणासाठी राखून ठेवावयाचा? खोदाईची परवानगी घेणारा कंत्राटदार निराळा, खड्ड्यात उतरणारा बुंदेलखंडचा मजूर निराळा. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो मुकादमाचा शब्द. शिवाय बिघाड होतात ते रात्री-अपरात्री. मेमध्ये वीज गेली की लोक रस्त्यावर येतात, केबल मिळेल त्या वाटेने जोडली जाते, खड्डा पहाटेपूर्वी बुजवला जातो आणि थकलेली माणसे घरी जातात. त्या रात्री केबल जी एक मीटर सरकली, तिची नोंद सकाळी कोण करणार, एवढ्या एका कामासाठी कोणत्याही कंपनीत अद्याप पुरेशी माणसे नेमलेली माझ्या पाहण्यात नाहीत.