ओटावाला निघालेली मुलं



यंदाच्या जूनमध्ये इथली कितीतरी मुलं बॅगा भरून वसतिगृहात राहायला जातील. त्यांच्याच वयाच्या, पण पृथ्वीच्या पार उत्तर टोकाजवळच्या मुलांची ही हकिगत. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात 25 गावं आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही. (एसटी उशिरा आली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) शिक्षक, परिचारिका असे मोजके अभ्यासक्रम सोडले, तर पदवीसाठी तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट समाजाच्या मुलांना विमानाने दक्षिणेतलं शहर गाठावं लागतं.

फी आणि प्रवासाला सरकारी मदत मिळते. पण सीलचं मांस, कॅरिबू हरणाचं मांस, आपली इनुक्टिटुट भाषा बोलणारं माणूस, हे मदतीच्या कोणत्या रकान्यात बसवणार? शिवाय ‘शिकायला दूर जाणं’ यामागे तिथे जुनी जखम आहे. सरकार आणि चर्च यांच्या निवासी शाळांनी एकेकाळी मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडलं. त्याबद्दल पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी 2008 मध्ये संसदेत माफी मागितली.

घरापासून दूर शिकण्याच्या या अडचणीवर इन्युइटांनी स्वतःच काढलेला तोडगा म्हणजे कॅनडाच्या राजधानीतली, ओटावातली ‘नुनावुत सिवुनिक्सावुत’ ही संस्था. कॅनडा सरकारशी जमीनहक्काच्या वाटाघाटी चालू असताना, त्या गावोगाव समजावून सांगणारे तरुण घडवायला 1985 मध्ये हा वर्ग सुरू झाला. 1993 मध्ये करार झाला, 1999 मध्ये नुनावुत वेगळा प्रदेश झाला, तरी वर्ग चालूच राहिला. आठ महिने आपल्याच मुलुखातल्या मुलांबरोबर भाड्याच्या घरात राहायचं. वाणसामान, बस, बँक स्वतः सांभाळायचं. आणि शिकायचं काय? आपलाच इतिहास, आपलाच करार. ढोलनृत्य आणि कंठगायनाचे जाहीर कार्यक्रम करून ही मुलं परदेश दौऱ्यासाठी निधीही जमवतात. मोठ्या विद्यापीठात शिरण्याआधी शहर पचवायला मिळालेली ही सवड शिष्यवृत्तीइतकीच मोलाची आहे. क्वेबेकमधल्या इन्युइटांनी 2017 मध्ये मॉन्ट्रियलला असाच वर्ग काढला.

उलटा प्रयोगही झाला. 2001 मध्ये दक्षिणेतल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाने कायद्याचा अभ्यासक्रमच नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला नेला आणि 2005 मध्ये 11 इन्युइट पदवीधर बाहेर पडले. आता इन्युइटांचं स्वतःचं विद्यापीठ उभं राहतंय. मुख्य संकुलासाठी नुनावुतमधल्या आर्वियात गावाची निवड 2025 मध्ये जाहीर झाली असून 2030 च्या सुमारास ते सुरू करायचा बेत आहे. तरीही कुणाला डॉक्टर व्हायचं असेल, तर त्याला दक्षिणेचं विमान धरावं लागेलच, आणि ओटावातल्या त्या वर्गाला विद्यार्थी मिळत राहतील.