जिरलेलं पाणी कुणाचं?

सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरायचा, कलम वाढवायचं आणि दूरदूरच्या बागांना पाठवायचं, हा इथल्या कित्येक घरांचा धंदा. डोळा भरणाऱ्या अनेक हातांना मात्र स्वतःची जमीन नाही.

आंबिया बहार उन्हाळाभर पाणी मागतो. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले, ते आटले म्हणून आणखी खोल बोअर आले. यात बागवाल्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. कपाशी एखाद्या वर्षी सोडून देता येते. पण संत्र्याचं झाड वाळलं तर कित्येक वर्षांची मेहनत जाते.

२०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेला राज्यातले तीनच तालुके निवडले होते: कोरेगाव, अंबाजोगाई आणि आपला वरुड. भर उन्हात माणसं टिकास-फावडं घेऊन श्रमदानाला उतरली. ते काम मोलाचंच. पण मला तेव्हापासून एक प्रश्न छळतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यानंही घाम गाळून पाणी जिरवलं, तर ते वर कुणाच्या बोअरमधून आलं?

या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्रातच सापडलेलं आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि उसाला बंदी! आमच्याकडे संत्रा बंद करा असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण वाट्याची गोष्ट बोलायला काय हरकत आहे?

कायदाही आहे. २००९च्या भूजल कायद्यानं साठ मीटरहून खोल विहीर शेतीसाठी खोदायला मनाई केली. शिवारात फिरणाऱ्या बोअरच्या गाडीला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

हे बोलायचं कुठे? खेड्यात ग्रामसभा आहे. शेंदूरजनाघाटला नगर परिषद, म्हणजे ग्रामसभा नाही. आणि राज्यघटनेनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. मधल्या गावाचा माणूस असा मधेच राहतो.

त्याच्या हाती माहितीचा अधिकार आहे. आपल्या प्रभागात नळाला पाणी किती दिवसांआड येतं, शेजारच्या प्रभागात किती, सार्वजनिक विहिरीची पातळी कधी मोजली, एवढंच विचारा. एकट्यानं नको, गल्लीतल्या पाच-सहा बायाबापड्यांना सोबत घ्या. साधा कागद, मराठी भाषा आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं; दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ आहे. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज फेब्रुवारीतच द्या. एप्रिलमध्ये दिला तर उत्तर येईस्तोवर विहीर आटलेली असेल.