टोपीचे ऐंशी टाके



आज मी तुम्हाला मागच्या पौषातला एक दिवस सांगणार आहे. त्या दिवशी आमच्या घरी विशेष काहीच घडलं नाही. घडलं नाही, म्हणूनच सांगतेय.

आमचा निफाडचा भाग, थंडीसाठी नावाजलेला. द्राक्षबागा गारठू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. मी मात्र तेव्हा बागेच्या कामाला जात नव्हते. लेक बाळंतपणाला आली होती. दिवस भरायच्या आधीच झाली. बाळ १ किलो ९०० ग्रॅमचं. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, हे तर अगदीच चिमणीएवढं. अकरा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. घरी आणून चार दिवस झाले होते.

सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी टीव्ही लावला. बातम्यांत निफाडचा पारा किती उतरला ते सांगत होते. त्या म्हणाल्या, "बघ, आपलंच गाव टीव्हीत! आता तरी बाजेखाली शेगडी ठेव. आणि पोराला कडक पाण्यानं न्हाऊ घाल."

मी म्हटलं, "नको आत्याबाई. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू कोंडतो. त्याला वासही नसतो. आणि डॉक्टर सांगेपर्यंत आंघोळ नाही, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसायचं फक्त."

"मग ऊब कुठून यायची?"

"आईच्या अंगाची."

दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं होतं. बाळाला लंगोट, टोपी, मोजे एवढंच घालायचं. आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला, नाकतोंड मोकळं. वरून दोघांना मिळून पांघरूण. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ च्या सुमाराला कोलंबिया देशातल्या एका दवाखान्यात पेट्या पुरत नव्हत्या, तिथे ही सुरू झाली. आई दमली तर बाप, आजी, कुणीही निरोगी माणूस बाळाला असं धरू शकतं.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय आलं ते. माझा पहिला मुलगाही पौषातलाच, असाच बारीक. घरी झाला. झाल्या झाल्या त्याला न्हाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी पाय गार पडले, दूध ओढेना. आम्ही म्हटलं, नजर लागली. तो राहिला नाही. न्हाऊ घातलं होतं आत्याबाईंनीच, आणि मायेनंच घातलं होतं. तेव्हा कुणाला काय माहीत होतं! आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

दुपारी मी बाहेर पडले. दळण टाकलं, रेशन आणलं, लेकीच्या लोहाच्या गोळ्या घेतल्या. टोपीला लोकर कमी पडली होती, तिचा एक गुंडा घेतला. यायला दोन तास लागले.

घरात आले तर टीव्हीवर मालिका चालू, पण आवाज बंद. लेक गाढ झोपलेली. आणि आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या, बाळ त्यांच्या छातीशी, वरून माझी शाल. मला हळूच म्हणाल्या, "पाय बघ गं त्याचे."

मी हात लावला. पोट ऊबदार, पाय ऊबदार. आत्याबाईंचे डोळे भरले होते. माझेही भरले. मग मी त्यांच्याशेजारी बसून टोपी पुरी केली.

ती टोपी सोपी आहे, लिहून घ्या. दहा नंबरच्या सुया, चार पदरी मऊ लोकर, ८० टाके. दोन सुलट, दोन उलट असं पाच इंच विणा. मग दोन-दोन टाके एकत्र घेत ४० करा, पुढच्या सुईला २०. उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळा आणि बाजू शिवा. नाडी, गोंडा, मणी काही लावू नका. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, तिथून ऊब फार जाते. पण डोक्याला घाम आला तर टोपी काढा.

आणि रोज हात लावून बघा. पोट ऊबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय. लगेच छातीशी घ्या, पाजा. पोटही गार, बाळ मलूल, दूध ओढत नाही, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. वाटेतही बाळ छातीशीच धरा.

आशाताई घरी येते तेव्हा तिला हे सगळं विचारा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथले अशा बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, हे १९९९ मध्ये जगाला कळलं. आशाताईच्या घरभेटींचं मूळ तिथलंच.

आमचं बाळ आता घरभर रांगतं. ती टोपी त्याला होत नाही. आत्याबाईंनी ती धुऊन पेटीत ठेवलीय. गटातल्या कुणाला लागली तर घेऊन जा.

येते मी. नमस्कार.