थापी उलटी धरली तेव्हा

आपापल्या ऑफिसला तीन दिवस कुलूप लावून आलेले माझे व्यवसायबंधू आणि भगिनी, आणि मागच्या रांगांत दाटीवाटीनं बसलेले विद्यार्थी मित्रहो,

आर्किटेक्टांच्या या परिषदेसाठी करवीरनगरीत आपलं मनापासून स्वागत.

कुलपाचा उल्लेख मुद्दाम केला. गडहिंग्लज, जत, फलटण, कणकवली अशा गावांत काम करणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांचं ऑफिस म्हणजे आपण स्वतः आणि एक ड्राफ्ट्समन. आपण इथे आलो की तिकडे स्लॅबचं काम खोळंबतं, नगरपालिकेतली फाइल आहे त्याच टेबलावर राहते. तरी आपण आलात. म्हणून या तीन दिवसांतला एक तासही वाया जाऊ द्यायचा नाही, असं स्वागत समितीनं पहिल्याच बैठकीत ठरवलं. बाहेर टाइल्सचे, रंगांचे, काचेचे स्टॉल आहेत, ते जरूर पाहा. सत्रांमध्ये मात्र एकाही कंपनीचं सादरीकरण ठेवलेलं नाही. तळमजल्यावर पाळणाघर आहे, कारण मुलं लहान असताना अशा परिषदा सुटत गेलेल्या आणि पुढे व्यवसायातूनच बाजूला पडलेल्या कितीतरी हुशार मैत्रिणी मी पाहिल्या आहेत.

हे तीन दिवस पदवीनंतरच्या शिकण्यासाठी आहेत. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानं आपल्याकडून मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी मागितली. ब्रिटनमध्ये रिबा या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या सनदी सभासदाला वर्षाला किमान ३५ तास नवं काही शिकल्याची नोंद ठेवावी लागते. तासांचा हिशेब चांगलाच, त्यानं शिस्त लागते. पण मला जवळची वाटते ती आपल्याच घरातली गोष्ट. १९१७ साली मुंबईत जे. जे. मधून शिकून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी एक संघटना काढली. जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. तीच पुढे, १९२९ पासून, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. सुरुवातीचं नाव मात्र होतं आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. शिक्षण संपवून कामाला लागलेली माणसं, आणि संघटनेला नाव दिलं विद्यार्थ्यांचं! आपल्या व्यवसायाचा पाया या नावावर घातलेला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता माझी गोष्ट सांगतो. उद्या दुपारी ‘फसलेलं काम’ असं एक सत्र आहे. त्यात सहा आर्किटेक्ट आपापलं एकेक चुकलेलं काम नकाशे आणि फोटोंसह मांडणार आहेत. त्यांना ते करायला सांगायचं आणि स्वतः हार घालून खुर्चीवर बसायचं, हे मला जमणार नाही.

वीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती. बाहेरचा गिलावा पार झडला होता. मी तो खरवडून काढला, दगडांच्या दर्जा सिमेंटनं भरल्या आणि वर सिमेंटचा जाड गिलावा चढवला. काम देखणं झालं. तिसऱ्या पावसाळ्यात फोन आला. जाऊन पाहतो तर देवघराच्या भिंतीला लोणा लागलेला, आतल्या रंगाचे पोपडे हाताला येत होते. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून बाहेर पडून वाळून जायची. माझ्या सिमेंटनं तिची बाहेरची वाट बंद केली होती, त्यामुळे ती आत वळली होती.

सोबत एक सत्तरीचे गवंडी होते. ते काही न बोलता शिडी लावून वर चढले आणि भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकावर अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, “आदी ह्ये शिमिट काडा, सायेब. मग बोलू.”

दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च मी सोसला, पण त्या घरच्या आजींचे देव दोन पावसाळे माजघरातल्या कोनाड्यात राहिले, त्याची भरपाई मला कुठल्याच बिलात करता आली नाही.

त्या गवंड्यांनी अंगणात खड्डा घेतला, कळीचा चुना विरवला आणि कित्येक दिवस पाण्याखाली ठेवला. मग वाळू घालून तो घाणीत मळला, हिरडा आणि गुळाचं पाणी घातलं. मी रोज विचारायचो, झाला का? ते थापीवर गोळा घेऊन थापी उलटी धरायचे. चुना खाली पडला की मान हलवायचे आणि पुन्हा मळायला घ्यायचे. एके दिवशी थापी उलटी केली, आणि चुना चिकटून राहिला. तेव्हा कुठे पहिला हात भिंतीला लागला. पाच वर्षांच्या पदवीत हे मला कुणी दाखवलं नव्हतं, आणि पुढे मीही कुणाला विचारलं नव्हतं.

ते गवंडी आज नाहीत. उद्या सकाळी बाहेरच्या मैदानात त्यांचे चिरंजीव आणि दोन पाथरवट आपल्याला चुना मळायला शिकवतील. ते वक्ते म्हणून आले आहेत. त्यांचं मानधन इतर वक्त्यांइतकंच आहे, हे सांगताना मला समाधान वाटतं.

आज दुपारचं सत्र सभागृहात नाही, पंचगंगेच्या काठावर आहे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तळमजले बुडालेली माणसं आपल्याच ओळखीतली होती. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आपण नकाशावर रंगवतो. पण त्या दोन रेषांमधल्या घराचं जोतं किती उंच हवं, विजेचा मीटर कुठे बसवावा, पाणी ओसरल्यावर काय टिकतं आणि काय फुगून येतं, हे त्या घरांत राहणाऱ्यांकडूनच समजून घ्यायचं आहे. कृपया तिथे बोलू कमी, ऐकू जास्त.

आणि एक जखम. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं आमचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभे राहून आम्ही छत कोसळताना पाहिलं, आणि माझ्यासारख्या, पहिलं नाटक तिथेच पाहिलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. लाकडाचं जुनं छत असलेल्या इमारतींत वायरिंग, अग्निशोधक आणि बाहेर पडायच्या वाटा मूळ रूप न बिघडवता कशा बसवायच्या, यावर परवाची सकाळ पूर्ण राखून ठेवली आहे. आपल्या गावच्या जुन्या नाट्यगृहाचे, वाचनालयाचे नकाशे आणले असतील तर त्यांवरच काम करू.

यूडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीविषयीच्या शंकांसाठी रोज संध्याकाळी एक तास आहे. डिसेंबर २०२० मध्ये ती नियमावली लागू झाली आणि वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेली आपली गणितं जुनी झाली, तेव्हा एकमेकांना फोन करकरूनच आपण तरलो. तेच आता समोरासमोर बसून करू.

विद्यार्थ्यांना शुल्क नाही. त्यांनी पुढच्या रांगेत यावं, अगदी आत्ता, मी बोलत असतानाच. पुढे जागा आहे.

परवा दुपारी खिद्रापूरला जायचं आहे. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात वर छताच्या जागी आकाशाचं गोल वर्तुळ आहे आणि बरोबर त्याखाली गोल शिळा. तिथे व्याख्यान ठेवलेलं नाही. प्रत्येकाला कागद आणि पेन्सिल मिळेल. बस दीड वाजता या दारातून सुटेल, जेवण त्याआधी उरकून घ्या. परतायला अंधार होईल, घरी तसं कळवून ठेवा.