घसादुखी आणि हृदयाची झडप
(कसबा बावडा येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



उसावर रोग दिसला की आपण त्याच दिवशी सल्ला विचारतो. पोराचा घसा दुखला तर मात्र मिठाच्या गुळण्या सांगून रानात जातो.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. काही वेळा मात्र स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू कारण असतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलाला ताप, गिळताना वेदना, मानेत गाठी आणि सर्दी-खोकला नाही, अशी लक्षणे असल्यास संशय घ्यावा. घसा बरा होतो. पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येऊन आज गुडघा, उद्या घोटा सुजतो. हाच संधिवाताचा ताप.

भाताच्या भांगलणीत भातासारखेच दिसणारे तण असले की नवख्या हातून रोपही उपटले जाते. तसेच येथे घडते. या जिवाणूंचा काही भाग हृदयातील घटकांशी मिळताजुळता असतो. त्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा हृदयाच्या झडपांवरही हल्ला करते. सांध्यांची सूज उतरते, झडपेची इजा राहू शकते. अनेक वर्षांनी धाप लागते. मुलींच्या बाबतीत कधी गरोदरपणातच ती प्रथम उघड होते.

हे जिवाणू दाटीवाटीत पसरतात. राजाराम कारखान्याच्या गळीत हंगामात आपल्या फडात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची मुले एकेका खोपीत दाटीने राहतात. त्यांच्या घशाकडेही आपण लक्ष द्यावे.

काय करावे?

१) वरील लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाल्यास हा ताप टाळता येतो. बरे वाटले तरी १० दिवसांचा डोस अर्धवट सोडू नये.

२) तापासह सांधे सुजल्यास सी.पी.आर.सारख्या मोठ्या रुग्णालयात हृदयाची तपासणी करून घ्यावी.

३) निदान झाल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. सुगी आहे म्हणून पाळी चुकवू नये.

४) दात-हिरड्या स्वच्छ ठेवाव्यात. हिरड्यांतील जिवाणू रक्तात उतरून दुखावलेल्या झडपेवर ठाण मांडू शकतात.

हिरड्यांचा रोग व हृदयविकार एकत्र आढळतात, हेही खरे. परंतु एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केले. घशाचे तसे नाही. तेथील साखळी माहीत आहे आणि ती पहिल्याच कडीला तोडता येते.